शून्य रुपयांची रोड ट्रिप

रोड ट्रिप म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं? २००१ सालचा 'दिल चाहता है', टप उघडी गाडी, तीन दोस्त आणि गोवा! तेव्हापासून आपण सगळ्यांनीच तो फंडा उचललाय. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद, कुणाची तरी गाडी, ताम्हिणी नाहीतर दिवेआगर, आणि सोमवारी ऑफिसात लाल डोळे. रोड ट्रिप ही तरुणांची मक्तेदारी आहे, असं आपण ठरवूनच टाकलंय.

पण मंडळी, जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास कुणी केला, माहितीये? बर्था बेंझ नावाच्या बाईनं. ऑगस्ट १८८८ मध्ये तिनं नवऱ्याला, म्हणजे कार्ल बेंझला, न सांगता त्यानंच बनवलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि जर्मनीतल्या मानहाइमहून ती फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं साफ केली. एवढा खटाटोप कशासाठी? तर माहेरी, आईला भेटायला. त्या पोरांच्या बाजूनं बघितलं तर जगातली पहिली रोड ट्रिप चक्क आजीच्या घरी निघाली होती!

आमच्या घरी याच्या बरोबर उलटं झालं. आज्जीच नातवंडांकडे निघाली. एकटी, नऊवारीत, एक कापडी पिशवी आणि एक बटणांचा मोबाइल घेऊन. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून सोलापूर, सोलापूरहून साताऱ्याला, तिथून पुण्यात विश्रांतवाडीला माझ्याकडे, मग नाशिक, आणि अहिल्यानगरमार्गे परत घरी. साधारण नऊशे किलोमीटर. सगळं एसटीनं. एकूण तिकीट खर्च? शून्य रुपये.

एक जूनचा वाढदिवस

आज्जीच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९४८. ती खरी नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख. तुमच्याही घरात एक जूनला वाढदिवस असणारी दोन-तीन माणसं सापडतीलच. पण गंमत बघा, एसटीची पहिली बस धावली तीसुद्धा १ जून १९४८ लाच, नगर ते पुणे. म्हणजे कागदोपत्री आज्जी आणि एसटी जुळ्या बहिणी!

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला. योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. पासष्ट ते पंचाहत्तरच्या मधल्यांना अर्धं तिकीट. आज्जीची पंचाहत्तरी २०२३ च्या जूनमध्ये भरली आणि त्या दिवसापासून तिचं आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट बटव्यात आणि बटवा कमरेला, असं कायमचं सेट झालं. सुरुवातीला ती नुसती बार्शीला जाऊन यायची. भगवंताच्या देवळात बसायची, बाजार करायची आणि कंडक्टरनं दिलेलं शून्य रुपयाचं तिकीट घरी आणून सगळ्यांना दाखवायची.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिनं जाहीर केलं, "सगळ्यांची घरं बगून येतो."

आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता गोंधळ उडाला. आईला एकटं कसं सोडायचं? वाटेत बीपीचं काही झालं तर? सोलापूरच्या आत्येभावानं गाडी पाठवायची तयारी दाखवली. टेक्सासमधल्या चुलतभावानं तर सगळ्या प्रवासाच्या कॅबचे पैसे भरतो म्हणून सांगितलं. आज्जीनं दोन्ही ऑफर एका वाक्यात निकालात काढल्या. "गाडी केली की डायवर मुका बसतो. एष्टीत बोलायला मानसं असत्यात."

अमेरिकेत ब्रॅड रायन नावाच्या नातवानं आपल्या आजीला, जॉय रायनला, २०१५ पासून गाडीतून फिरवायला सुरुवात केली. तेव्हा ती पंच्याऐंशी वर्षांची होती. २०२३ मध्ये त्यांनी तिथली सगळी, म्हणजे ६३ राष्ट्रीय उद्यानं बघून पूर्ण केली. 'ग्रँडमा जॉय' म्हणून ती जाम फेमस झाली. मी ही स्टोरी आज्जीला फोनवर अगदी रंगवून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नातू कामाला जात न्हाई व्हय?"

विहिरीपेक्षा खोल

सोलापूरला मोठ्या आत्याकडे चार दिवस, पंढरपुरात गाडी बदलताना लांबूनच कळसाला हात जोडणं, मग म्हसवड, दहिवडी करत साताऱ्याला धाकट्या आत्याकडे पाच दिवस. तिथून खंबाटकीच्या बोगद्यातून पुणे. मी स्वारगेटला घ्यायला गेले, तर आज्जी बसमधून उतरून कंडक्टरच्या हातावर हुरड्याची पुडी ठेवत होती. पाठोपाठ एक कॉलेजची मुलगी तिची पिशवी घेऊन उतरली. तिच्या घरात कोण कोण आहे, कोण काय करतं, हे सगळं आज्जीला तोंडपाठ होतं.

रिक्षानं सरळ घरी जावं, असा माझा प्लॅन होता. पण आज्जीला मेट्रो बघायची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, त्यामुळे आता जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनला गाडी बदलून येरवड्यापर्यंत येता येतं. पुढे विश्रांतवाडीला रिक्षा. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. सरकत्या जिन्यावर आज्जीनं एका हातात माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातात पदर. पण वर-खाली बघायचं काही सोडलं नाही.

"आपली हीर चाळीस फूट," ती म्हणाली. "ती खनायला दोन उन्हाळं गेलं. ही कुनी खनली?"

मशीननं, मी म्हटलं.

"मशीनवर बी मानूसच आसंल की."

विश्रांतवाडीत विश्रांती नाही

मी विश्रांतवाडीत दोन वर्षं राहते. का, तर भाडं परवडतं, विमानतळ जवळ आहे आणि माझी रूममेट खराडीला आयटीत आहे. वन बीएचके, बाल्कनीत वॉशिंग मशीन, फ्रिजमध्ये सॉसच्या पुड्या. मी फ्रीलान्सर. म्हणजे मास कॉमची डिग्री, चार ठिकाणी लेख, दोन कंपन्यांची न्यूजलेटर्स आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर थोडं टेन्शन. अशा घरात आज्जी येणार म्हटल्यावर मी दोन दिवस आधीपासून आवराआवर करत होते. 'घरं बगून येतो' या वाक्यातलं 'बगून' माझ्या डोक्यात बसलं होतं. आज्जी नुसती भेटायला निघालेली नाही, ती काहीतरी तपासायला निघालीये, असं मला उगाचच वाटत होतं.

पहिल्या दिवशी तिनं फ्रिज उघडला, बंद केला आणि पिशवीतून ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, धपाटे असं एकेक काढून ओट्यावर मांडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोहगावच्या बाजूनं सुखोई उडालं. इथं राहणाऱ्यांना त्याची सवय असते, आम्ही मीटिंगमध्ये बोलता बोलता अर्धा मिनिट थांबतो आणि पुढे चालू करतो. आज्जी तडक बाल्कनीत. "आभाळ फाटलं का काय?" म्हणून तिनं वर बघितलं आणि मग प्रत्येक वेळी आवाज आला की हातातलं काम सोडून बाहेर जायची. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला समोरच्या फ्लॅटमधल्या बाळंतिणीला कितवा महिना चालू आहे ते माहीत होतं, आणि खालचा वॉचमन भूमचा आहे हेसुद्धा. भूम म्हणजे आमच्या बार्शीला लागूनच. त्याच्या गावातल्या कुणाची तरी सोयरीक आमच्या गावात निघाली. त्या संध्याकाळी वॉचमनच्या बायकोनं आमच्याकडे भाजी पाठवली. मी दोन वर्षांत त्या माणसाशी 'पार्सल आलंय का?' यापलीकडे बोलले नव्हते.

पण खरी गंमत झाली ती आळंदी रोडवर. मी तिला संध्याकाळी फिरायला घेऊन निघाले. चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक, २०१५ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीच्या मार्गातून बस धावतायत, दुचाकीवाले हॉर्न वाजवतायत. आज्जी मध्येच थांबली. मला वाटलं, दमली.

"ह्यो आळंदीचा रस्ता का?"

"हो. इथून बारा-पंधरा किलोमीटर असेल आळंदी."

"मग हितनं म्या गेलेय."

आज्जीनं वारी केली होती, हे मला ऐकून माहीत होतं. १९९० च्या दशकात, गावातल्या तीन बायकांबरोबर. पण ती वारी आळंदीहून निघाली होती आणि माउलींची पालखी दिघी, कळस, विश्रांतवाडी करतच पुण्यात येते, हे दोन्ही मी कधी जोडून बघितलंच नव्हतं. पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर ती चालली होती. "दोनी बाजूला मोकळं रान व्हतं की गं. एका घराम्होरं च्या दिला आमाला. पितळंच्या पेल्यात." घर कुठलं, ते ती बराच वेळ शोधत राहिली. मोबाइलची दुकानं, पोळीभाजी केंद्र, क्लासेसचे बोर्ड. ते घर काही सापडलं नाही. पण मी जिथं दोन वर्षांपूर्वी डिपॉझिट भरून आले, तिथून आज्जी मी जन्मायच्याही आधी चालत गेली होती.

पिशवीच्या तळाला

तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर आज्जीनं पिशवीच्या तळातून एक प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. "ह्ये वाच. मोठ्यानं. समदं वाच."

आता थोडी मागची स्टोरी. शेतकरी संघटनेत १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनापासून बायकांच्या हक्काचा विषय गाजत होता. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या, तिच्या राबण्याचं ऋण फेडा, अशी. आमचे आजोबा संघटनेचा बिल्ला लावणारे. त्यांनी दोन एकर आज्जीच्या नावावर केली. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. गावात काही लोक हसले, पण आजोबांनी ते मनावर घेतलं नाही.

२०१२ मध्ये आजोबा गेले. उरलेल्या शेताची वारसनोंद झाली आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. साडीचोळी झाली, पुरणपोळी झाली, दोघी आपापल्या घरी गेल्या. कायदा काय म्हणत होता? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला होता. २००५ पासून तो देशभरातल्या सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो नसो. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. हे सगळं कागदावर. आपल्याकडे मात्र अजूनही बहिणीनं हक्क सोडला तर ती गुणाची, आणि मागितला तर माहेर तुटलं. तुमच्या घरात काय झालंय, एकदा आईला विचारून बघा. बऱ्याच जणांना ऐकून धक्का बसेल.

फोल्डरमध्ये होता तो बक्षीसपत्राचा मसुदा. आज्जीची ती दोन एकर दोन्ही मुलांच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या आणि माझ्या बाबांच्या, नावावर करून देण्याचा. बार्शीत टाइप केलेला, सहीची जागा कोरी.

आता काका काही सिनेमातले व्हिलन नाहीत. तीस वर्षं त्यांनीच ती जमीन कसलीये. त्यातल्या एका एकरात त्यांनी सीताफळ लावलंय, बोअर घेतलाय, ठिबक केलंय. कर्ज काढायचं तर उतारा स्वतःच्या नावावर हवा, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. आज्जीचं करतात ते आणि काकूच. आणि बाबांना यात अर्धा हिस्सा मिळणार होता. म्हणजे फिरून फिरून तो माझ्याच घरात येणार होता. एक एकर म्हणजे किती पैसे, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. वीस तारीख उलटून गेली होती.

वाचायला घेण्याआधी मी बाल्कनीत जाऊन बाबांना फोन लावला. त्यांना मसुद्याची कल्पना होती. ते म्हणाले, "तू यात पडू नकोस. दादा आणि आई बघून घेतील."

मी आत आले आणि सगळं वाचलं. मोठ्यानं. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय', चतुःसीमा, गट नंबर, सगळं. आज्जी चौथी शिकलेली आहे, तिला अक्षरं लागतात, पण असली भाषा आपल्याला तरी कुठे लागते? प्रत्येक वाक्याचा अर्थ मी साध्या मराठीत सांगत गेले. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला त्याच रात्री फोन केला. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. एक, ही जमीन आज्जीची स्वतःची आहे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार ती तिची पूर्ण मालक आहे, तिनं कुणाला द्यायची हा तिचाच प्रश्न. दोन, बक्षीसपत्र नोंदवलं की जमीन त्या दिवशीच गेली, नंतर मन बदललं तरी ते परत फिरवणं फार अवघड. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची वाट आहे, पण त्यासाठी प्राधिकरणापुढे जावं लागतं. आणि तीन, मृत्युपत्र केलं तर जिवंत असेपर्यंत जमीन तिच्याच नावावर राहते आणि ते कितीही वेळा बदलता येतं.

तिसऱ्या मुद्द्याला आज्जीनं मान वर केली. "कितीबी येळा?"

"कितीही वेळा."

"बरं हाय की मग."

त्या रात्री मला कळलं की आज्जी कशाला निघाली होती. सही करायच्या आधी तिला सगळ्यांची घरं बघायची होती. सोलापूरला मोठ्या आत्यानं तिला चार दिवस काही करू दिलं नव्हतं. साताऱ्यात धाकटी आत्या पहाटे पाचला उठून दोन घरचे डबे करते, काकांची नोकरी गेल्याचं तिनं माहेरी कुणाला सांगितलेलं नाही, हे आज्जीनं तिथल्या पाच दिवसांत न विचारता ओळखलं होतं. फोल्डर दोघींच्याही घरात पिशवीतच राहिलं. "त्यांच्याम्होरं काढलं आसतं तर दोगी बी म्हनल्या आसत्या, दे भावास्नी. दोगी बी म्हनल्या आसत्या." ती दोनदा म्हणाली.

मी विचारलं, "मग माझ्याकडेच का वाचायला दिलंस?"

"तुजं लगीन न्हाई झालं अजून. तुला कुनाचं त्वांड बगून वाचायला नको."

मंडळी, लग्नाच्या बाबतीत घरातून मिळालेली ही माझी आयुष्यातली पहिली कॉम्प्लिमेंट!

नाशिकचं शिखर संमेलन

आणखी दोन दिवसांनी मी तिला वाकडेवाडीहून नाशिकच्या गाडीत बसवलं. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी तिथं हलवलं होतं. एकटी जाईन, हा तिचा हट्ट कायम होता. माझ्या मोबाइलवर मात्र तासातासाला तिचा मिस्ड कॉल. नारायणगाव. संगमनेर. सिन्नर.

नाशिकला दादाचं सात महिन्यांचं बाळ आहे, आज्जीचं पहिलं पणतवंड. दोन दिवस ती त्याच्यातच रमली. तिसऱ्या दिवशी तिनं बाबांना सांगितलं, मोठ्याला फोन लाव आणि सगळ्यांना ऐकू येईल असं कर. मीही पुण्याहून लाइनवर होते. पुढची दहा मिनिटं आज्जी एकटी बोलली.

बक्षीसपत्र होणार नाही. मृत्युपत्र होईल. सीताफळाचा एकर मोठ्याचा, कारण झाडं त्यानं वाढवली. दुसरा एकर दोन्ही पोरींचा, अर्धा अर्धा. त्यांनी कसू दे, विकू दे, नाहीतर तसाच ठेवू दे. आणि नाशिकच्याला काही नाही.

बाबा तिच्या शेजारीच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. मग आज्जीच म्हणाली, "तुला शिकीवलं. हॉस्टेलची फी भराय बैलजोडी इकली तुज्या बापानं. तुजा वाटा तवाच गेला."

बाबा इंजिनीअर कसे झाले, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. अभ्यास, कंदील, चार किलोमीटर पायपीट. बैलजोडी त्या गोष्टीत कधीच नव्हती. आई सांगते, बाबा उठून गॅलरीत गेले आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे आई."

काका मात्र बिघडले. "म्हणजे तीस वर्षं राबलो ते कुणासाठी?" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा राग मला समजतो. गावात राहून जमीन सांभाळणाऱ्या भावाचं दुःख शहरातल्या माणसानं सोपं करून सांगू नये. कर्जाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या एकराचं आज्जीच्या हयातीत काय करायचं, यावर बोलणी चालू आहेत. बाबांनी स्वतःच्या नावावरच्या शेतातला तुकडा काकांना कसायला कायमचा मोकळा करून दिलाय. फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस कुणी 'गुड मॉर्निंग' टाकलं नाही, यावरून काय ते समजा!

सोलापूरच्या आत्यानं सगळं कळल्यावर फोन केला तो भांडायला. "आई, मला नको ते. दादाशी वाकडं कशाला?" साताऱ्याच्या आत्यानं फोनवर काहीच म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "पुन्हा कधी येतीयेस?"

आणि आज्जी नगरमार्गे बार्शीला पोहोचली तेव्हा स्टँडवर काका उभे होते. बोलले नाहीत. पिशवी घेतली, मोटारसायकलला अडकवली आणि तिला मागे बसवून घरी नेलं. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूनं सांगितलं म्हणे, की मृत्युपत्र बदलता येतं ना, मग गोड बोला! तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

पुढचा स्टॉप

आपल्याला वाटतं, म्हातारी माणसं गावाकडे बसून आपली वाट बघत असतात. आपण दिवाळीला जायचं, फोटो काढायचे, डबे भरून घ्यायचे आणि परत यायचं. ती माणसं उठून आपल्याकडे आली, तीसुद्धा आपण न बोलावता, स्वतःच्या तिकिटावर, तर त्यांना काय काय दिसेल, याचा आपण कधी विचार करत नाही. आज्जीला महाराष्ट्रभर फिरायला पैसे मागावे लागले नाहीत, कुणाची गाडी लागली नाही, कुणाच्या सुट्टीची वाट बघावी लागली नाही. नाहीतर सोलापूर आणि सातारा तिनं बघितलंच नसतं आणि तो मसुदा बार्शीतच वाचून झाला असता. त्यात काय लिहिलंय, ते मुलांनीच तिला सांगितलं असतं.

परवा तिचा फोन आला. ज्वारीची काढणी उरकलीये, पुढच्या खेपेची तयारी चालू आहे. मी म्हटलं, ये की विश्रांतवाडीला, फ्रिज भरलेला आहे. तर म्हणाली, येते, पण राहायला नाही. गणपतीपुळ्याला जायचंय. समुद्र बघितलेला नाही तिनं.

"आज्जी, पण तिथं आपलं कोण आहे?"

"कुनी न्हाई. कुनाचं घर बगायचं न्हाई, कुनाचा कागद वाचायचा न्हाई. नुसतं बसायचं."

मग म्हणाली, तू येणार असशील तर बरोबर चल. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे तिला अर्थातच माहीत आहे.

"माजं शून्य. तुजं अर्धं म्या भरते. वीस तारकंच्या आत निगू."